चेरीची बा

कोरपन्यात गोकुळाबाईंच्या अंगणात मासे घ्यायला येणाऱ्या बायांना चार वाजल्यानंतर एकच ताकीद असायची: हळू बोला. मरळ आहे का, झिंगे आहेत का, काय ते खुणेनं विचारा. मागच्या खोलीत मॅडमचा क्लास सुरू होतो.

"थे इथूनच इदेशातल्या पोट्ट्याईले इंग्रजी शिकवते," गोकुळाबाई पदर तोंडाशी धरून कुजबुजायच्या, आणि ती कुजबुज भिंतीपलीकडे सगळ्यात स्पष्ट ऐकू जायची.

मॅडम म्हणजे रंजीता सिडाम. वय सत्तावीस. जिवती तालुक्यात पहाडावर तीस-बत्तीस घरांचा एक गुडा आहे, तिथली. गुड्यात फोनला रेंजची दांडी दिसते ती फक्त टाकीच्या चबुतऱ्यावर उभं राहिलं तर, म्हणून ती कोरपन्याला गोकुळाबाईंकडे खोली करून राहिली. चंद्रपूरला इंग्रजी घेऊन बी. ए. केलं, मग बी. एड., मग टीईटीही पास झाली. शिक्षकांची भरती मात्र निघेना. निघाली की कोर्टात अडकायची. शेवटी मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिनं एका ऑनलाइन कंपनीत मुलाखत दिली. व्हिएतनाम नावाच्या देशातल्या लहान मुलांना इंग्रजी शिकवायचं, पंचवीस-पंचवीस मिनिटांचे तास, संध्याकाळी साडेसातपर्यंत. तो देश कुठे आहे हे तिनं मुलाखतीच्या आदल्या दिवशी नकाशात पाहिलं.

कंपनीनं सगळ्यात आधी तिचं नाव बदललं. रंजीता मुलांना जमणार नाही, म्हणून टीचर रेचल. मुलांचीही नावं खरी नसायची. कोणी टॉम, कोणी कोको, कोणी बिन. आडनाव, गाव, शाळा, आईबापांचा फोन, यातलं काही विचारायचं नाही. मुलांच्या सुरक्षेसाठी हा नियम आहे असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं, आणि रंजीताला ते पटलंही. पाठीमागे निळी चादर लावायची, की पडद्यावर तिथं पुस्तकांचं कपाट दिसायचं. ती जरा जोरात हलली तर तिचा एक कान त्या कपाटात गडप व्हायचा आणि मुलं खिदळायची.

आता वाटेल, बसल्या जागी शिकवायचं, यात अवघड ते काय. अवघड हे, की त्या मुलांची भाषा तिला येत नव्हती, तिची त्यांना येत नव्हती, आणि मधली जी इंग्रजी होती ती दोघांच्याही घरची नव्हती. मुलं शब्दाचं शेपूट खायची. राईसचं राय, फिशचं फी, हाऊसचं हाऊ. रंजीता कॅमेऱ्यापुढे दात विचकून 'स्स्स' करून दाखवायची, मुलंही दात विचकायची आणि पुन्हा 'राय' म्हणायची. कधी चुनखडीच्या खाणीत सुरुंग उडाला की खिडकीची तावदानं थरथरायची. बिन नावाचा सहा वर्षांचा पोरगा डोळे मोठे करून विचारायचा, "टीचर, बूम?" खाण म्हणजे काय हे समजण्याइतके शब्द त्याच्याकडे नव्हते. ती म्हणायची, "येस, बूम," आणि पुढच्या चित्राकडे वळायची. लाईट गेली तर मोबाइलच्या नेटवर उडी मारायची, तेवढ्या अर्ध्या मिनिटात मूल खुर्चीवरून पसार. एका आईनं तक्रार केली होती, टीचरचा उच्चार अस्सल नाही म्हणून. त्यानंतर आठ दिवस रंजीता आरशापुढे 'व्हेरी वेल' म्हणत बसली होती. आणि या सगळ्यात हसत राहायचं. किती वेळा हसलात ते मशीन मोजायचं, त्याचे गुण वेगळे.

मूल गप्प बसलं की तिला आपली शाळा आठवायची. ती स्वतः पहिलीत वर्षभर गप्प बसली होती. घरी गोंडी, शाळेत मराठी. तहान लागली तरी पाण्याला 'येर' म्हणायची सोय नव्हती, कारण गुरुजींना वाटायचं पोरगी काहीतरी बरळते आहे. त्यामुळे पडद्यावरचं मूल नुसतं टकमक बघायला लागलं की ती नियमातली वाक्यं सोडून द्यायची, मांजर काढायची, नाक मुरडायची, काहीही करायची.

चेरी तिच्याकडे आली ती अशीच. आठ वर्षांची, कपाळावर सरळ कापलेले केस, समोरचा एक दात नाही. पहिले चार तास तोंडातून शब्द नाही. तिच्यामागे एक म्हातारी बसलेली असायची. प्लास्टिकच्या लाल खुर्चीवर, मांडीवर परडी, सदा काहीतरी निवडत. शेंगा, पाला, कधी लसूण. पाचव्या तासाला रंजीतानं म्हातारीकडे बोट दाखवून विचारलं, "हू इज शी?"

चेरी मागे वळली, पुन्हा पुढे वळली, आणि पहिल्यांदा बोलली, "बा."

रंजीताला वाटलं, पोरगी आपल्यासारखं बोलली. गोकुळाबाईंच्या तोंडात दिवसभर तेच असायचं, 'हो बा', 'नाई बा', 'काय सांगू बा'. तिला हसूच आलं, खरंखुरं. मग तिनं शोधून काढलं, त्यांच्या भाषेत आजीला 'बा' म्हणतात. पुढच्या तासाला तिनं पडद्याकडे बघून हात जोडले आणि म्हणाली, "हॅलो, बा!" म्हातारी दचकली. मग परडी बाजूला ठेवून उठली, पडद्याजवळ आली, इतकी जवळ की नुसतं कपाळ आणि एक डोळा दिसायला लागला. काहीतरी लांबलचक बोलली. चेरीनं भाषांतर केलं, "बा से... टीचर... ब्युटीफूल." ब्युटीफूल हा शब्द त्या आठवड्यात शिकवलेला नव्हता. कुठून तरी तो तिनं साठवून ठेवला असावा.

तेव्हापासून तास तिघींचा झाला. म्हातारी मागून 'रेड, ग्रीन' म्हणायची आणि चुकली की स्वतःच्या तोंडावर हात मारून घ्यायची. चेरी मोकळी झाली. तिची आई जोड्यांच्या कारखान्यात जाते, हे तिनं "मम्मी मेक शूज" असं सांगितलं. बापाचं कधी निघालं नाही. टॅबलेट आईनं घेऊन दिलेला, आई येईपर्यंत घरी दोघीच, एवढं रंजीताला हळूहळू कळलं. गुरुवारी चारचा तास असला की ती केस नीट बांधायची. पाहणारं कोणीतरी मोठं माणूस आहे, असं वाटायचं.

ऑक्टोबरातला गुरुवार होता. धडा फळांचा. तासाची चौदा मिनिटं झाली होती. चेरी केळ्याचं चित्र बघून 'बनाना' म्हणत होती आणि मागे म्हातारी उठली. उठताना तिनं भिंतीला हात लावला. रंजीताला ते दिसलं. तिला वाटलं पायाला मुंग्या आल्या असतील. मग म्हातारी खुर्चीवर परत बसायला गेली, खुर्ची सरकली, आणि ती खाली गेली. आवाज फारसा झाला नाही. परडीतल्या शेंगा तेवढ्या पसरल्या.

"बा!" चेरी धावली.

पडद्यावर आता मधोमध खुर्ची आडवी, तिच्यापलीकडे म्हातारीचे दोन पाय. एका पायात सपाता, दुसरा उघडा. चेरी खाली वाकून हलवत होती, तिच्या भाषेत काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होती. मग ती पळत पडद्याकडे आली. चेहरा पांढरा पडला होता.

"टीचर! बा स्लीप. बा स्लीप!"

तिच्याजवळ 'पडली' नव्हतं, 'बेशुद्ध' नव्हतं, 'मदत' नव्हतं. प्राणी होते, रंग होते, वीसपर्यंत आकडे होते, आणि झोप होती.

"चेरी, कॉल मम्मी! फोन! फोन मम्मी!" रंजीता कानाशी मूठ धरून ओरडली.

चेरीनं दोन्ही हात उघडून दाखवले. "नो फोन. मम्मी शूज."

"गो आऊट! डोअर! पीपल, कॉल पीपल!"

पोर नुसती बघत राहिली. रंजीताचं बोलणं जितकं भरभर होत होतं तितकं ते तिला कळेनासं होत होतं. रंजीतानं आपला मोबाइल उचलला, भाषांतराचं ॲप उघडलं. घाईत दोनदा चुकीचं टाइप झालं. 'शेजारच्यांना बोलावून आण, आजीला डॉक्टर पाहिजे,' एवढं तिनं लिहिलं आणि आलेली अक्षरं स्वतःच वाचायला गेली. ती वरखाली होणारी भाषा तिच्या तोंडात सपाट झाली. चेरीला एक अक्षर कळलं नाही. मग तिनं मोबाइलचा आवाज पूर्ण वाढवला आणि तो माइकला टेकवला. मशीनमधली कोणी बाई शांत आवाजात बोलली. चेरीनं मान वाकडी केली. रंजीतानं पुन्हा लावलं. या वेळेला पोरीचे डोळे बदलले. तिनं मान हलवली आणि धावत चौकटीबाहेर गेली. कुठेतरी दार आपटलं.

मग खोलीत कोणी उरलं नाही. म्हणजे म्हातारी होती, आणि इकडे रंजीता होती.

"बा," रंजीता म्हणाली. "ओ बा. उठा ना. आयकू येऊन राह्यलं का तुमाले?"

ती आधी वऱ्हाडीत बोलली, मग गोंडीत बोलायला लागली, आपली आजी आजारी असताना जसं बोलायची तसं. पाय हलले असं एकदा वाटलं. पण चित्रच अडखळत होतं, त्यामुळे खरं काय ते कळेना. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं धावत होतं. दोन मिनिटं. एक मिनिट. तास वाढवायचं बटण शिक्षकाकडे नसतं. बाहेरून बायामाणसांचे आवाज आल्यासारखं वाटलं, कोणाची तरी सावली भिंतीवर पडली, आणि पंचवीस मिनिटं पूर्ण झाली. पडदा पिवळा झाला. एक अस्वल टाळ्या वाजवत आलं. शाब्बास टीचर, आजचा तास संपला.

रंजीतानं तास परत उघडायचा प्रयत्न केला. उघडेना. मदतीच्या खिडकीत लिहिलं, विद्यार्थिनीच्या घरी अपघात झालाय, तातडीनं पालकांना कळवा. लगेच उत्तर आलं: आपला संदेश मिळाला, चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत आम्ही संपर्क करू. तिनं नागपूरला टीम लीडर स्वातीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तोवर दोन तासांमधली पाच मिनिटं संपली आणि पुढचा तास आपोआप उघडला. बिन बसला होता, केस ओले, नुकती आंघोळ झालेली.

"हॅलो टीचर रेचल! हाऊ आर यू?"

बिनचा त्या दिवशीचा धडा हाच होता. तुम्ही कसे आहात, मी आनंदी आहे. रंजीता हसली. हसायलाच हवं होतं. "आय ॲम हॅपी," ती म्हणाली, आणि बिन म्हणाला, "आय ॲम हॅपी," आणि असं त्यांनी बारा वेळा म्हटलं.

साडेसातला स्वातीचा फोन आला. बाई वाईट नव्हती. सगळं ऐकून घेतलं, मधेच 'अरे देवा' म्हणाली.

"स्वातीताई, फक्त तिच्या आईला कळलं का तेवढं विचारा ना."

"माझ्याकडे पालकांचा नंबर नसतो गं. तिकडचं ऑफिस वेगळं आहे. मला पण तीच नावं दिसतात, चेरी अन् टॉम. मी तक्रारीचं तिकीट टाकते, अर्जंट म्हणून."

"उद्या कळेल?"

"सांगता येत नाही," स्वाती म्हणाली. मग म्हणाली, "तू केलंस तेवढं पुष्कळ केलंस."

रंजीताला ते वाक्य आवडलं नाही. एखाद्याच्या घरून तेरवी जेवून निघताना म्हणतात तसं ते वाटलं.

पुढच्या गुरुवारी ती चारला बसली. मूल आलं नाही तर दहा मिनिटं थांबायचं असा नियम. ती पंचवीस मिनिटं थांबली. त्याच्या पुढच्या गुरुवारी चेरीच्या जागी कोको नावाचा मुलगा होता. आणि त्याच आठवड्यात तिच्या खात्यावर एक ताकीद आली. तासाच्या वेळी दुसऱ्या यंत्राचा आवाज आढळला, हे नियमात बसत नाही. तिनं पानभर खुलासा लिहिला. उत्तर आलं, आपला प्रतिसाद नोंदवला आहे.

दिवाळीला ती गुड्यात गेली. दंडारीच्या नाचाचे ढोल वाजत होते, पण आई, सुकरी, सकाळपासून कापूस वेचायला शेतात. रंजीताही कमरेला ओटी बांधून तिच्या बाजूच्या ओळीत उतरली. वेचता वेचता सगळं सांगितलं. मायलेकी गोंडीतच बोलत होत्या.

"मग तू गेली नाहीस बघायला?" सुकरीनं विचारलं.

"कुठं जाऊ, आई? समुद्रापलीकडे आहे ते."

"फोन लावायचा."

"नंबर नाही."

"पोरीच्या बापाचं नाव सांगून कोणाकडून निरोप धाडायचा. पोरीचं नाव काय?"

"चेरी."

"हे नाव झालं? घरी काय म्हणतात तिला?"

रंजीताचे हात बोंडावर थांबले. "माहीत नाही."

"गाव?"

"तेही नाही."

सुकरी रागावली नाही. तिला नीट कळलंच नव्हतं, आणि न कळलेल्या गोष्टीवर रागावण्याची तिची रीत नव्हती. ती पुढच्या झाडाकडे सरकली आणि म्हणाली, "तीन महिने एका पोरीला शिकवलं, अन् तिला हाक कशी मारायची ते तुला माहीत नाही. कसली गं ही शाळा?"

परत आल्यावर रंजीतानं एक वेडेपणा केला. प्रत्येक मुलाला तासाच्या शेवटी विचारायला लागली, खरं नाव काय तुझं? बिन म्हणाला, "बिन." तिनं पुन्हा विचारलं, तर म्हणाला, "टीचर, बिन!" आणि आपण काय चुकलो म्हणून रडवेला झाला. एका मुलीनं पटकन नाव सांगितलं, पण ते इतकं वळणाचं होतं की रंजीताला ना म्हणता आलं ना लिहिता. कोकोच्या मागे त्याचा बाप बसलेला होता. तो पुढे वाकून कॅमेऱ्याकडे रोखून बघायला लागला. दुसऱ्या दिवशी दुसरी ताकीद आली: मुलांची वैयक्तिक माहिती विचारू नये. तिसरी आली तर खातं बंद. आणि त्या बापाचंही काही चुकलं नव्हतं. आपल्या पोराला परदेशातली कोणी अनोळखी बाई खरं नाव विचारते, म्हटल्यावर कोणीही तेच केलं असतं. रंजीतानं विचारणं सोडून दिलं.

जानेवारीत स्वातीचा मेसेज आला. तिकीट बंद झालं. कारणाच्या रकान्यात तीन शब्द होते: विद्यार्थिनीने वर्ग थांबवले.

'आणि आजी?' रंजीतानं लिहिलं.

'एवढंच आहे गं,' स्वातीनं लिहिलं. मग पुन्हा, 'मी खरंच विचारलं होतं.'

थांबवले म्हणजे काय, हे रंजीता किती तरी दिवस मनात उलटंपालटं करत राहिली. म्हातारी गेली, म्हणून पोरीला दुसऱ्या कोणाकडे ठेवलं असेल. किंवा म्हातारी अंथरुणावर आहे, आणि पोर आता तिचं करते. किंवा काहीच झालं नसेल, पैसा-वेळ जमत नसेल. प्रत्येक वेळी ती भिंतीवरच्या त्या सावलीपाशी येऊन अडकायची. सावली माणसाची होती. कोणीतरी आलं होतं, एवढं नक्की. मग दुसऱ्या दिवशी तेही नक्की वाटायचं नाही.

घरात हे सगळं गोकुळाबाईंना ठाऊक होतं. त्या दिवशी क्लासमधून ओरडण्याचा आवाज ऐकून त्याच धावत दाराशी आल्या होत्या. त्या दर चार दिवसांनी विचारायच्या, "मंग त्या बुढीचं काय झालं व मॅडम?" रंजीता म्हणायची, माईत नाई बाई. तेव्हा गोकुळाबाई 'च्यक च्यक' करायच्या आणि आपल्या सासूची शेवटची दुखणी सांगायला बसायच्या.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी, क्लासला दहा मिनिटं असताना, त्यांनी दारात उभं राहून पुन्हा तेच विचारलं. हातात सोललेला लसूण होता. रंजीता निळी चादर ताणून बांधत होती.

"बरी हाये," रंजीता म्हणाली.

तिचं तिलाच कळलं नाही, कसं तोंडातून गेलं.

"काय सांगता! कवा समजलं?"

"काल. दवाखान्यात होती. आता घरी आली."

"चालते का?"

"चालते. काठी घेऊन."

"अन् पोट्टी?"

"पोट्टी बी बरी हाये. शाळेत जाते."

गोकुळाबाईंनी लसणासकट हात कपाळाला लावले. "देव पावला बा. मी म्हणतच होती, शेजारचे आले असतीन म्हणून. माणसं का येत नाईत? कुठीबी येतात." त्यांचे डोळे भरून आले होते. "एकदा मले दाखवजा ना फोनवर, क्लास असंन तिचा तवा."

"दाखवतो," रंजीता म्हणाली.

गोकुळाबाई अंगणात गेल्या. त्यांचा आवाज आतपर्यंत येत होता. मासे घ्यायला आलेल्या कोण्या बाईला त्या सांगत होत्या, मॅडमच्या तिकडच्या बुढीचं कसं झालं, आता कशी काठी घेऊन चालते. हळू बोलायचं त्या विसरल्या होत्या. रंजीतानं त्यांना गप्प करायला दाराकडे दोन पावलं टाकली, मग तिथंच उभी राहिली. गोकुळाबाईंच्या सांगण्यातली ती म्हातारी चालत चालत आता दारापर्यंत, मग भाजी आणायला बाजारापर्यंत गेली होती.

चार वाजले. पडद्यावर कोकोचा चेहरा उमटला. रंजीता खुर्चीवर बसली आणि हसली.